रात्रगस्तीचा मार्ग आखायला ऑर-टूल्स: तालुक्याच्या ठाण्याला कितपत कामाचं?

गूगलचं ऑर-टूल्स, म्हणजे मार्ग-वेळापत्रकं आखायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि पायथॉन येणारा कॉलेजातला पोरगाही ते चालवू शकतो. सराफा लाइन, एटीएम, एसटी स्टँड, जिनिंग, भोवतालची गावं असे 25 थांबे धरले तर साध्या लॅपटॉपवर 30 सेकंदांत चांगला मार्ग मिळतो. त्यातलं गाइडेड लोकल सर्च (मिळालेला मार्ग सुधारत राहायची पद्धत) लावलं तर वेळमर्यादा टाकाच, नाहीतर ते थांबत नाही. विदर्भातल्या ठाणेदारांनी हे जरूर वापरावं. मात्र आकडे भरताना गफलत झाली की गस्तच चुकते.

अंतर पूर्णांकातच लागतं. दशांश कापून किलोमीटर भरले की 0.6 चा शून्य होतो, म्हणून सेकंद भरा. नकाशावर सरळ रेघ मारू नका. नाल्यापलीकडचं गाव समोर दिसतं, पण पुलावरून मोठा फेरा पडतो. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्त्यावरून वेळ काढा. पावसाळ्यात पांदण रस्ते वगळा, काळ्या मातीत जीप रुतते.

फिर्यादीतली वेळ सगळ्यात नाजूक. ‘रात्री 11 ते सकाळी 6 दरम्यान मोटारपंपाची केबल चोरीला गेली’ असं लिहिलेलं असतं. मधले अडीच धरू नका. सातही तासांना 1/7 वजन द्या. बऱ्याच फिर्यादी अशा मांडल्या की जड तास, म्हणजे जास्त चोऱ्यांचे, आपोआप वर येतात. सोयाबीनची गंजी शेतात असतानाचे महिने वेगळेच मांडा.

थांबा 10 ते 15 मिनिटांचा असावा. त्यापुढे थांबण्याचा फायदा घटतो, हे मिनियापोलिसच्या निरीक्षणांवरून ख्रिस्तोफर कोपर यांनी 1995 मध्ये दाखवलं. आता हिशेब बघा: 25 थांबे, प्रत्येकी 12 मिनिटं, म्हणजे 5 तास नुसते उभं राहण्यात. एकच जीप आणि 6 तासांची रात्र असेल तर फिरायला तासभरच उरतो. अशा वेळी ऑर-टूल्स अर्धवट मार्ग देत नाही, उत्तरच देत नाही. त्यासाठी प्रत्येक थांब्याला ‘सोडल्याचा दंड’ (तो थांबा वगळला तर हिशेबात वाढणारा वेळ) लावावा लागतो, तोही सेकंदांतच. जाण्यायेण्याला 1,200 सेकंद लागणाऱ्या गावाला 500 चा दंड लावला तर ते गाव रोजच गळणार, आणि नेमकी तिथलीच माणसं गस्तीची वाट पाहत असतात. लागोपाठ दोन रात्री सुटलेल्या गावाचा दंड तिसऱ्या रात्री दुप्पट करा.

मोठी उणीव एकच: तेच आकडे दिले की रोज जवळपास तोच मार्ग मिळतो, आणि चोराला तो आठवड्यात पाठ होतो. सगळ्यात कमी वेळाच्या मार्गापेक्षा 10 टक्क्यांपर्यंत लांब असे सहा-सात मार्ग काढून ठेवा आणि संध्याकाळच्या हजेरीला चिठ्ठी उचला.