‘जडीबुटी’च्या डबीत काय असतं

चौथ्या दिवशी मुरूम सुकतात, आठव्या दिवशी चेहरा उजळतो आणि पंधराव्या दिवशी शेजारीण विचारते, “काय लावते गं तू?” तिथेच दुसरी डबी विकली जाते. जळगावपासून नंदुरबारपर्यंत पार्लरच्या काउंटरवर, यात्रेतल्या पालात, ओळखीच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही मलमं शे-दोनशे रुपयांना मिळतात. विकणारी आपल्यातलीच असते. “हाई जडीबुटीनं मलम शे, काहीच व्हत नही,” असं ती छातीठोकपणे सांगते, आणि बऱ्याचदा तिलाही माहीत नसतं की ती काय विकतेय.

वनस्पतीला चार दिवसांत हे जमत नाही. कडुलिंब, हळद, कोरफड, मुलतानी माती, कशालाच नाही. त्वचेचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण महिना लागतो, त्यामुळे मुरमांवरच्या कुठल्याही प्रामाणिक उपायाचा फरक सहा ते आठ आठवड्यांनी दिसतो. चार दिवसांचा चमत्कार स्टेरॉइड, म्हणजे सूज-खाज दाबणारं औषध, करतं: बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन. खाज-इसबाच्या स्वस्त ट्यूब कोल्ड क्रीममध्ये पिळायच्या, पिवळा रंग आणि केसराचा वास टाकायचा, वर ‘१००% आयुर्वेदिक’चं स्टिकर. झालं मलम तयार.

स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा गोरा वाटतो. सूज दाबली जाते म्हणून मुरूम बसतो. मुरमाचं कारण मात्र तसंच राहतं. काही आठवड्यांनी गालावर, हनुवटीवर एकाच मापाचे बारीक लाल दाणे उठतात. हे स्टेरॉइडचे मुरूम. त्यांच्यावर तेच मलम अजून जास्त लावलं जातं. मग गालाची कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात, गालावर-ओठावर लव वाढते, आणि मलम दोन दिवस थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा जळतो. त्या जळजळीला घाबरूनच बाई तिसरी डबी घेते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टेरॉइड मलमाने बिघडलेला चेहरा, असं नावच दिलंय. २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइड क्रीमना सरकारने शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. डबीत कालवलेल्या मलमाला चिठ्ठी कोण विचारणार?

दुसरा प्रकार पाऱ्याचा. पारा त्वचेतला रंग तयारच होऊ देत नाही, म्हणून गोरेपणा झपाट्याने येतो, आणि कातडीतून तो मूत्रपिंडापर्यंत पोचतो. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली आणि पायांवर सूज दिसणं ही त्याची खूण. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाची क्रीमं वापरणाऱ्यांमध्ये असा मूत्रपिंडाचा आजार सापडल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये समोर आणलं होतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर सौंदर्यप्रसाधनात चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

डबी हातात घेऊन नीट बघा. कारखान्याचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, घटकांची यादी, हे सगळं छापलेलं हवं. नुसता मोबाइल नंबर म्हणजे पत्ता नव्हे. ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘अमोनिएटेड मर्क्युरी’ हे शब्द दिसले तर तो पाराच. आणि एक सूचना फार बोलकी असते: “सोन्या-चांदीला लागू देऊ नका, दागिने काढून लावा.” कोरफडीने दागिना बिघडत नाही, पाऱ्याने बिघडतो. “फक्त रात्री लावा, उन्हात नको” आणि “झोंबलं तर समजा काम करतंय” या सूचनांनाही कान टवकारा. स्टेरॉइड आहे की नाही हे घरी कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. लिटमस कागद, लिंबू, काडीवर जाळून बघणं, यांतल्या कशानेही नाही.

ऑनलाइन ‘नॅचरल किट’ची तऱ्हा वेगळी. फोटो पाठवा, तीन टप्प्यांचं किट घ्या, पैसे आधी. पंधरा दिवसांनी चेहरा फुलला की उत्तर तयार असतं: “आतलं विष बाहेर पडतंय, थांबवू नका.” सुरुवातीला मुरूम वाढणं हे अडापॅलीन, ट्रेटिनॉइन किंवा सॅलिसिलिक ॲसिडसारख्या कातडीचा थर वेगाने बदलणाऱ्या औषधांनी होऊ शकतं. कडुलिंबाच्या पावडरीने नाही. किट खरंच वनस्पतींचं असेल, तर ती ॲलर्जी आहे किंवा छिद्रं बुजलीत.

साध्या मालातही फसवणूक आहेच, फक्त ती खिशाला लागते, चेहऱ्याला कमी. हिरवंगार कोरफड जेल म्हणजे रंग. ताज्या पानातला गर पाण्यासारखा पारदर्शक असतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तेव्हा ‘ॲलो’ हा शब्द सुगंधाच्याही खाली असेल तर डबीत नावापुरता थेंब आहे. गुलाबपाण्याच्या बाटलीवर पाणी आणि ‘परफ्यूम’ एवढंच असेल तर ते सुगंधी पाणी. हळद चमचाभर घेऊन ग्लासभर पाण्यात न ढवळता सोडा: शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकं पिवळं राहतं, रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

आता घरी काय लावायचं ते, मिश्र त्वचेसाठी. कपाळ, नाक, हनुवटी तेलकट, गाल कोरडे. बहुतेक घरगुती लेप इथेच चुकतात, कारण ते सगळ्या चेहऱ्याला एकच माती फासतात. त्वचेचा सामू (पीएच, आम्लता मोजायचं माप) साधारण पाचच्या आसपास असतो. लिंबाचा दोनच्या जवळ, खाण्याच्या सोड्याचा आठच्या वर. दोन्ही चेहऱ्याला नकोत. लिंबाने उन्हात डाग पडतात ते वेगळंच. खोबरेल तेल केसांना उत्तम, मुरमांच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. अक्रोड-साखरेचा स्क्रब पिकलेला मुरूम फोडून बाजूला पसरवतो.

सकाळी आणि रात्री, दोनच वेळा, सौम्य फेसवॉश. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो म्हणून पाच-पाच वेळा तोंड धुतलं तर गाल आणखी कोरडे पडतात. बोअरचं पाणी जड असेल, साबण फेसाळत नसेल, तर साबण नकोच, आणि शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

मुलतानी माती आठवड्यातून एकदा, ओढणीतून चाळून. एक चमचा मातीला दीड-दोन चमचे पाणी, फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर, आठ-दहा मिनिटं. तडे जायच्या आत, ओलसर असतानाच धुवायची. पूर्ण वाळू दिली की ती कातडीतलं पाणी ओढते आणि चेहरा ताणला जातो. उन्हाळ्यात गालांना माती नाहीच. गालांना कोरफड: पान देठाकडून कापून पंधरा मिनिटं उभं ठेवायचं, पिवळा चीक निथळून जाऊ द्यायचा, कारण खाज सुटते ती त्या चिकाने. मग साल काढून, गर धुऊन, अर्धा चमचा. उरलेला फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे फेकायचा.

ग्लिसरीन नुसतं लावू नका. हवा शुष्क असली की ते कातडीतूनच पाणी ओढतं. चमचाभर, म्हणजे ५ मिली ग्लिसरीन ५० मिली गुलाबपाण्यात, बाटली फ्रीजमध्ये आणि आठवड्याच्या आत संपवायची. घरच्या मिश्रणात परिरक्षक (टिकवणारं रसायन) नसतो, बुरशी दिसण्याआधीच जंतू वाढलेले असतात. ओल्या चेहऱ्यावरच चार-पाच थेंब. दिवसा एसपीएफ (उन्हापासून बचावाचं माप) ३० चं झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढी रेघ. शेतात, केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्यांनी दर दोन तासांनी पुन्हा, शिवाय डोक्यावर रुमाल.

नवी वस्तू आधी कानाखाली जबड्यावर वाटाण्याएवढी, रोज रात्री, आठवडाभर. लाल झालं नाही तर चेहऱ्यावर. दोन नव्या वस्तू एकदम सुरू करू नका, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या, नाहीतर काय बाधलं ते कळतच नाही. आणि एवढं सगळं हलक्या मुरमांपुरतंच. खोल, दुखणाऱ्या, गाठीसारख्या मुरमांना माती-कोरफड पुरत नाही. तिथे वेळ घालवला की खड्डे राहतात, आणि खड्ड्यांवर कुठलीच जडीबुटी नाही.

डबी आधीच वापरून झाली असेल तर? पाऱ्याची शंका असेल तर त्याच दिवशी बंद करा, लघवी आणि रक्ताची तपासणी करून घ्या. स्टेरॉइडचं मलम महिनोन्‌महिने लावलेलं असेल तर मनानेच एका झटक्यात तोडू नका, जळजळ असह्य होते; त्वचारोगतज्ज्ञ ते उतरवत आणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोबत डबी न्या, नुसतं नाव सांगून डॉक्टरांनाही काही कळत नाही.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या क्रमांकावर, ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे ऑनलाइन लुबाडले असतील तर १९३०, आणि तो फोन त्याच दिवशी, कारण पैसे पुढे सरकले की थांबवणं अवघड. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही. यासाठी यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट, विकताना केलेल्या दाव्याचा मेसेज आणि उरलेलं मलम लागतं. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट जपून ठेवा, तुमचा प्रश्न गेल्याबरोबर अॅडमिन मेसेज पुसतो.

डबी झाकण घट्ट लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आपल्याकडे रिकामी डबी फेकवत नाही, धुऊन तिच्यात हळद-कुंकू भरलं जातं. या डबीत भरू नका.