गिरगावातली १६० फुटांची खोली: चौदा महिन्यांनंतर

आधीच सांगते, मी या खोलीची भाडेकरू नाही. खोली मावशीची, पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून मग नाममात्र भाड्यावर राहायची. तिच्या गुडघ्यांना दुसऱ्या मजल्याचा जिना झेपेना, म्हणून ती डोंबिवलीला लेकाकडे गेली. खोलीला कुलूप घालायचं तर भाडे नियंत्रण कायद्यात एक कलम आहे: सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर घरमालक ती खाली करून मागू शकतो. तेव्हा मला बदलापूरहून बोलावणं आलं. "तू राहा गं, निदान दिवा तरी लागेल." म्हणजे खोली चालू आहे याचा पुरावा म्हणून मी इथे राहते. फुकट राहते, तेव्हा माझं मत त्या हिशोबाने घ्या.

ऑफिस फोर्टला. बदलापूर लोकलमध्ये रोजचे तीन तास जायचे, ते वाचले. चर्नी रोड स्टेशन दहा मिनिटांवर, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोची ॲक्वा लाइन कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून गिरगाव स्टेशन त्याहून जवळ. सीएसएमटीला मधलं एकच स्टेशन, काळबादेवी. या सोयीला पैकीच्या पैकी मार्क. फक्त या मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती पाडल्या, आणि आमच्या मजल्यावरच्या एका आजींचं माहेर त्यात गेलं. त्या अजून मेट्रोत बसलेल्या नाहीत. विचारलं की म्हणतात, "मला कुठे जायचंय एवढ्या घाईने?"

आता खोली. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर मावशीची तांब्याची भांडी, मावसभावाचे कॅरम बोर्ड (दोन, का ते विचारू नका) आणि मी. जिना लाकडी. पहिल्या मजल्याच्या वळणावर खालून चौथी पायरी मधोमध इतकी झिजलीय की पाय आपोआप त्या खळग्यात बसतो. सुरुवातीला मी अडखळायचे. आता नव्या इमारतींच्या सपाट पायऱ्यांवर अडखळते. गॅलरीच्या टोकाला एका सागवानी तुळईखाली लोखंडी टेकू आहे. तो 'तात्पुरता' लावला तेव्हा माझा मावसभाऊ सहावीत होता. आता त्याचा मुलगा सहावीत आहे.

पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सव्वासहाच्या सुमाराला जातं. पिंप भरायचं, कळशी भरायची, मग परत झोपायचं. पहिला महिना मी गजर लावत होते. नंतर कळलं की गरज नाही, कारण शेजारच्या काकूंच्या बादलीत पहिली धार पडली की अख्ख्या मजल्याला कळतं. संडास गॅलरीच्या शेवटी, अकरा खोल्यांत चार. ज्याला हे जमणार नाही त्याने पुढचं काहीच वाचू नये, खरंच. स्वच्छ असतात, कारण झाडणाऱ्या मावशींचे पैसे सगळे वेळेवर देतात. पण तिसऱ्या संडासाची कडी आतून नीट बसत नाही, म्हणून आत बसून खाकरायची पद्धत आहे. माझं खाकरणं आता मजल्यावर ओळखीचं झालंय.

घरून काम करणाऱ्यांसाठी ही खोली वाईट. भिंती जाड आहेत, पण दारं उघडी ठेवायचा रिवाज आहे. दार लावून बसलं की "बरं नाही का?" म्हणून डोकावतात. एकदा बंगळुरूच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "इज समवन कुकिंग?" काकूंच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. चौथीला त्या गॅलरीतूनच ओरडल्या, "अगं, आमटी देऊ का?" मी म्यूट करायला विसरले होते.

याच काकूंनी मला तापात पकडलं. आठ वाजले तरी दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली, तेव्हा त्यांनी दार बडवून उठवलं, डॉक्टरांकडे नेलं आणि दोन दिवस पेज पाठवली. याच काकूंनी ऑफिसातला एक मित्र फाइल द्यायला वर आला तेव्हा तो किती वाजता आला, किती वेळ बसला आणि चपला कुठल्या रंगाच्या होत्या हे मावशीला कळवलं. त्याचा चहा संपायच्या आत डोंबिवलीहून फोन. एक सेवा हवी आणि दुसरी नको, असं इथे चालत नाही. दोन्ही एकाच डोळ्यांतून येतात. उद्या घरमालकाने कोर्टात खोली बंद होती म्हटलंच, तर माझी पहिली साक्षीदार याच.

परिसराबद्दल. लोक विचारतात, "एवढा इतिहास आहे, भारी वाटत असेल ना?" इतिहास आहे. राहताना तो फारसा दिसत नाही. केशवजी नाईक चाळीतला गणेशोत्सव १८९३ चा. १९०१ मध्ये तिथे लोकमान्य टिळक आले होते. तिथली मूर्ती अजून लहानच असते, आणि आमच्या बाजूच्या मंडळांच्या भिंतीएवढ्या गणपतींपेक्षा मला तिथलं दर्शन आवडतं. रांग लहान, आणि आरती ऐकू येते. खोताची वाडी पायी पाच मिनिटांवर. लाकडी गॅलऱ्या, बाहेरून जिने, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चन लोकांची घरं. रविवारी सकाळी तिथे गाइडबरोबर पंधरा-वीस जण कॅमेरे घेऊन येतात. मी भाजीची पिशवी घेऊन मधून गेले तर एकाने माझाही फोटो काढला. मी 'लोकजीवन' झाले बहुतेक.

एका शनिवारी मी ठरवून 'कोरोनेशन' हे जुनं थिएटर शोधायला निघाले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला तिथे लागला होता, सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आताच्या सरदार वल्लभभाई पटेल रोडवर. चार दुकानांत विचारलं. एकाने टेलरचं दुकान दाखवलं, एकाने बँक्वेट हॉल. 'मॅजेस्टिक' तरी नावाने उरलंय. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, तिथे लागला, आणि आज त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. मी तिथून पडद्याच्या रिंगा घेतल्या. रॉयल ऑपेरा हाउसचं नशीब बरं, ते दुरुस्त होऊन २०१६ मध्ये परत उघडलं. बाहेरून बघायलाही छान.

माझा पैसा वसूल झाला तो साहित्य संघात. केळेवाडीत, चालत जायच्या अंतरावर नाट्यगृह. प्रयोग संपला की लोकल चुकायची धास्ती नाही. बदलापूरला असताना मी शेवटचा अंक कधी शांतपणे बघितलाच नव्हता, सारखं घड्याळ. इथे पडदा पडल्यावर बाहेर थांबून, अनोळखी लोकांशी भांडून, मग घरी.

खाण्याबद्दल सगळेच लिहितात, मी एवढंच सांगते: पणशीकरांकडचं पीयूष, विनयची मिसळ, आणि या दोन्हींमुळे वाढलेलं वजन.

आवाजाचं मात्र आधी कुणी सांगत नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा टीव्हीवर पाहिली असेल, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका, ढोल-ताशा. देखणी असते, मीही दोन तास उन्हात उभी राहून बघितली. पण त्याआधी कित्येक आठवडे सराव असतो. ढोलाचा ठोका आधी कानाला कळत नाही, मांडणीवरच्या वाट्यांना कळतो. एक वाटी तर रोज सरकत सरकत कडेला येते, मी रोज ती मागे ढकलते. अनंत चतुर्दशीला चौपाटीकडे जाणारे रस्ते भरले की घरून निघायचं नाही, आणि निघालात तर रात्री परत यायची आशा ठेवायची नाही. मी गेल्या वर्षी निघाले होते. पहाटे चारला पोचले. पाण्याला अर्धा तास होता, म्हणून झोपलेच नाही.

पावसाळा हा या खोलीचा सगळ्यात कच्चा विषय. वर कौलं, कौलांवर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. पोटमाळ्यावर माझ्या उशीपासून हातभर अंतरावर गळतं, तिथे पातेलं. घरमालक दुरुस्ती करत नाही. मावशीचं भाडं महिना १४० रुपये आहे, त्यात तो काय करणार, हेही खरं. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत, म्हणून म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) दुरुस्ती मंडळाकडे अर्ज. दर उन्हाळ्याच्या शेवटी धोकादायक इमारतींची यादी निघाली की गॅलरीत कुणीतरी ती मोठ्याने वाचतं, आणि आपलं नाव नाही म्हटल्यावर सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मग कुणीतरी म्हणतं, "नाव आलं असतं तर निदान काम तरी झालं असतं."

रीडेव्हलपमेंटची बैठक या चौदा महिन्यांत तीनदा झाली. नियमाने किमान ३०० चौरस फूट मिळायला हवं, म्हणजे आत्ताच्या जवळजवळ दुप्पट. बिल्डरचा माणूस रंगीत चित्र घेऊन आला होता, त्यात बाविसाव्या मजल्यावरून समुद्र दिसत होता. मागे बसलेल्या आप्पांनी दोनच प्रश्न विचारले: संक्रमण काळात भाडं किती वर्षं देणार, आणि मेंटेनन्स किती? पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं, दुसऱ्याचं आलंच नाही. दोन गल्ल्या पलीकडे एक चाळ अशीच पाडलीय. पत्रे लावलेत, आत पिंपळ उगवलाय. आमच्याकडे अजून सह्या झालेल्या नाहीत.

ज्यांना गिरगावात अशी खोली मिळत असेल त्यांच्यासाठी: पिंप झाकणाचं आणि तोटीचं घ्या, दोनशे लिटरचं पोटमाळ्याखाली बसत नाही. पार्सलच्या पत्त्यात 'मागचा जिना' लिहा, नाहीतर पोरगा पुढच्या जिन्यावरून फोन करत बसतो. पावसाळ्याआधी ताडपत्री स्वतः वर चढून बघा. आणि पहिल्या आठवड्यात दार उघडं ठेवा.

मावसभावाला दर महिन्याला लाइट बिलाचा फोटो पाठवायचा असतो, तो फाइल करून ठेवतो. या महिन्याचं ३१० रुपये आलं. एवढं कमी आलेलं बघून त्याचा लगेच मेसेज, "पंखा लावत जा गं, वापर दिसायला हवा." लावलाय.