शर्यतीच्या नंबर प्लेटसाठी घालवलेले ७,५३० रुपये

हा अनुभव लिहावा की गिळून टाकावा, या विचारात माझे तीन आठवडे गेले. ऑनलाइन पैसे पाठवून फसलेल्या माणसांना मी आजवर मनातल्या मनात बावळट ठरवत आलो होतो, आणि आता मीच त्या रांगेत उभा आहे. आधी आगाऊ रक्कम, मग वाढीव रक्कम, मग ‘परत मिळणारी’ रक्कम हा क्रम वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ असेल, मलाही होता. तरीही शर्यतीच्या मोटरसायकलच्या तीन नंबर प्लेटांपायी मी ७,५३० रुपये घालवले, आणि हातात जे आले ते लावून मला सुरुवातीच्या रेषेपर्यंतही जाता आले नाही.

घाई का झाली, हे आधी सांगतो, कारण गरज खोटी नव्हती. माझा क्रमांक ६८. (प्लेटवर अंक इंग्रजीच असतात, पुढचे वाचताना ते डोळ्यांसमोर असू द्यावेत.) आधीच्या डर्ट ट्रॅक (मातीच्या ट्रॅकवरच्या) शर्यतीत ट्रान्सपाँडर, म्हणजे गाडीवर लावायची आपोआप फेऱ्या मोजणारी यंत्रे, नव्हती, टेबलापाशी बसलेली दोन माणसे समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर कागदावर टिपत होती. माझ्या प्लेटवर तिरके, दाटीवाटीने बसवलेले, भोवती चंदेरी किनार असलेले झोकदार अंक होते. दुसऱ्या फेरीत चिखल उडाला, सहाच्या वरच्या बाजूची मोकळी फट बुजली आणि लांबून ६८ चा ८८ झाला. त्या शर्यतीत खराखुरा ८८ धावत होता. त्याच्या नावावर एकाच फेरीत दोन-दोन नोंदी दिसल्यावर टेबलावरच्यांनी जास्तीच्या नोंदी सरळ खोडल्या, म्हणजे माझ्या फेऱ्या खोडल्या. पाचवा आलो होतो, कागदावर अकरावा झालो. वर आयोजकांकडून ऐकावे लागले ते वेगळेच : “पुढच्या वेळी वाचता येईल असा नंबर लावून या, नाहीतर शर्यतीआधीच्या तपासणीतच परत पाठवीन.”

म्हणून या वेळी मी अभ्यास करूनच उतरलो होतो, आणि हेच मला जास्त झोंबते. मोटोक्रॉसच्या, म्हणजे अशाच मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या, आंतरराष्ट्रीय नियमांत स्वतंत्र प्लेट किमान २८५ बाय २३५ मिलिमीटरची लागते. पुढच्या प्लेटवर अंकाची उंची किमान १४० मिलिमीटर, रुंदी ७० आणि रेघेची जाडी २५ असावी लागते. पार्श्वभूमी आणि अंक दोन्ही मॅट हवेत, म्हणजे ऊन पडल्यावर ते चकाकणार नाहीत. बाजूच्या प्लेटा बसलेल्या चालकाच्या पायाआड जाता कामा नयेत. हे सगळे मला तोंडपाठ होते. तरीही फसलो.

विक्रेत्याच्या पानावर चिखलाने माखलेल्या गाडीचे छायाचित्र होते आणि त्या चिखलात अंक मात्र स्वच्छ, ठळक, काळेभोर. खाली लिहिले होते, ‘नियमानुसार, मॅट, चिखलातही वाचता येणारे’. तीन प्लेटांचे २,८५० रुपये. रेडियमवाल्याकडे का गेलो नाही, असे घरातल्या प्रत्येकाने मला विचारून झाले आहे. रेडियमवाला चमकणारा माल विकतो आणि मला न चमकणारा हवा होता, हे माझे उत्तर तेव्हा बरोबर होते आणि आजही बरोबर आहे. फक्त रेडियमवाल्याचे दुकान दुसऱ्या दिवशीही त्याच जागी असते, एवढे मी हिशेबात धरले नाही.

आता तो क्षण. पैसे देण्याआधी मी त्याला एकच नेमका प्रश्न विचारला होता : अंकाच्या रेघेची जाडी किती ठेवता? त्याचे उत्तर आले, “२५ सेंमी सर, एकदम रूलप्रमाणे.” पंचवीस सेंटिमीटर! प्लेटच मुळी साडेतेवीस सेंटिमीटर उंचीची. म्हणजे त्याची एक रेघ प्लेटच्या बाहेर लोंबली असती. ज्या माणसाने आयुष्यात एकदा जरी पट्टी लावून अंक कापला असेल, त्याच्या हातून ही चूक होत नाही. मी ते वाचले, थोडा हसलो आणि ‘मिमी म्हणायचे असेल’ असे स्वतःच ठरवून त्याच्या वतीने ती चूक दुरुस्तही केली. फसवणाऱ्याचे निम्मे काम आपणच करून देतो ते असे. ते संभाषण मी अजून पुसलेले नाही. दिवसातून एकदा उघडून पाहतो आणि तळपायाची आग मस्तकाला जाते.

दुसरी खूण त्या छायाचित्रातच होती. नंतर ते मोठे करून पाहिले, तर चिखलाचे शिंतोडे प्लेटच्या कडेपर्यंत येत होते आणि अंकांपाशी चाकूने कापल्यासारखे थांबत होते. क्लचच्या तारेची सावली पांढऱ्या भागावर पडली होती, काळ्या अंकाच्या कडेशी तुटली होती आणि दोन अंकांमधल्या फटीत तिचा मागमूस नव्हता. अंक नंतर चिकटवलेले होते, गाडीवर नव्हे, छायाचित्रावर. नमुना मागाल तेव्हा तुमच्याच क्रमांकाचा, कडेला मोजपट्टी ठेवून आणि प्लेट हलवत काढलेला व्हिडिओ मागा. आढेवेढे घेतले की तिथेच थांबा.

३ तारखेला २,८५० रुपये भरले. ५ तारखेला निरोप आला की मॅट लॅमिनेशनचा आणि जलद कुरिअरचा फरक १,१८० रुपये होतो. १६ तारखेला शर्यत होती, म्हणून तेही भरले. ८ तारखेला त्याने प्लेटांचे ‘अप्रूव्हल सर्टिफिकेट’ काढले : ३,५०० रुपये, शर्यतीनंतर परत मिळणारे, आणि ते सोबत नसेल तर तपासणीत प्लेटा बाद. येथे मी स्वतःला माफ करू शकत नाही, कारण तोवर मी चार वेळा तपासणीला उभा राहिलो आहे आणि नंबर प्लेटचे प्रमाणपत्र मला कोणीही, कधीही मागितलेले नाही. प्लेट गाडीवर लावलेली असते, तपासणारा ती डोळ्यांनी पाहतो, फार तर पट्टी लावतो. पण मागच्या वेळचे ‘परत पाठवीन’ कानात होते आणि त्या भीतीवर त्याने नेमके बोट ठेवले. मागच्या शर्यतीतला घोळ मीच त्याला पहिल्या दिवशी सविस्तर लिहून कळवला होता! आपली अडचण विक्रेत्याला कधीही सांगू नका. क्रमांक, माप आणि रंग यापलीकडे त्याला काही कळण्याची गरज नसते.

१४ तारखेला पाकीट आले. आत प्लेटा नव्हत्याच. गुंडाळी केलेली तीन पातळ, आरशासारखी चकचकीत स्टिकरे होती. अंक तिरके, त्यांना लाल किनार, आणि उंची पट्टीने मोजली तर १०५ मिलिमीटर. सहाची शेपटी इतकी आत वळवलेली होती की चिखलाचीही गरज नव्हती. कोरड्या अंगणात वीस पावलांवरून पुतणीने तो नंबर ८८ वाचला. प्रमाणपत्र म्हणून एक रंगीत छापील कागद होता. त्यावर शिक्का होता आणि शिक्क्यावर कोणत्याही संस्थेचे नाव नव्हते.

रक्कम परत मागितली तेव्हा त्याने क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, एवढे मला ठाऊक होते, म्हणून तिथे मी फसलो नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे. मग त्याने मला ब्लॉक केले.

पुढचा मनस्ताप मात्र सरकारी खात्यांचा आणि बँकेचा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे समोरच्याच्या खात्यात असतानाच गोठवता येतात. पण माझा शेवटचा व्यवहार तोवर सहा दिवसांचा झाला होता. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, ‘पोलीस ठाण्यात जाऊन या’ असे सांगण्यात आले. ठाण्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “आरसी आणलंय का?” मी सांगितले की ही शर्यतीची गाडी आहे, ती रस्त्यावर चालत नाही, हा नंबर आरटीओचा नव्हे. ते म्हणाले, “मग नंबर प्लेट कशाला?” मी फेऱ्या, चिखल, सहा आणि आठ हे सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मलाच बजावले की हाय सिक्युरिटी प्लेट फक्त अधिकृत ठिकाणीच बसवायची असते, बाहेरून मागवणे हाच गुन्हा आहे. म्हणजे तक्रारदार म्हणून आत गेलेला मी आरोपी होऊन बाहेर पडण्याची वेळ आली होती. दुसऱ्या खेपेला दुसरे साहेब होते. त्यांना शर्यत कळली, पण त्यांचे म्हणणे पडले की माल आलेला आहे, दर्जाचा वाद आहे, ग्राहक मंचात जा.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे खरे. पण विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता लागतो. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी फक्त एक आडनाव आणि बंद असलेला मोबाइल क्रमांक होता. नाव-पत्ता बँकेकडे असणार, म्हणून बँकेत गेलो. बँकेने सांगितले की दुसऱ्या खातेदाराची माहिती पोलिसांनी मागितली तरच देऊ. पोलिसांनी आधीच सांगून ठेवले होते की हा ग्राहक मंचाचा विषय आहे. हे गोल चक्कर मी तीन वेळा पुरे केले. माझ्या फेऱ्या एवढ्या अचूक कोणी मोजल्या नव्हत्या. रक्कम परत करण्याबद्दल बँकेचे उत्तर तयारच होते : रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातले संरक्षण अनधिकृत व्यवहारांना आहे, पिन तुम्ही स्वतः टाकलात. कायद्याने ते बरोबर असेलही. पण ते सांगताना काउंटरवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू होते, त्याची परिपत्रकात तरतूद नसावी.

१६ तारखेला अपेक्षेप्रमाणे तपासणीत अडवले. शेजारच्या तंबूतल्या एका मेकॅनिकने पांढऱ्या मॅट विनाइलचा (चिकटवायच्या प्लास्टिकचा) तुकडा दिला आणि काळ्या मॅट विनाइलमधून आम्ही कटरने अंक कापले : सरळ उभे, किनार नसलेले, सहाची फट बोट जाईल एवढी उघडी. त्याने १८० रुपये घेतले. सराव हुकला, पण मार्शलने लांबूनच नंबर वाचला आणि हात हलवून आत सोडले. प्लेट कशी निवडावी हे मला विचाराल तर ती भिंतीला टेकवून ठेवा, वर ओला चिखल शिंपडा, तीस पावले मागे जा आणि तुमचा क्रमांक ठाऊक नसलेल्या माणसाला धावत्या नजरेने वाचायला सांगा. तो अडखळला तर फॉन्ट कितीही देखणा असो, फाडून टाका. आधीच्या शर्यतीचा जुना नंबर कुठे चिकटलेला राहिला असेल तर तोही काढा. आणि गाडीवर बसून, बूट घालून, बाजूची प्लेट कोणाला तरी पाहायला लावा.

पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे आजही ‘प्रक्रियेत’ एवढाच शब्द आहे. परवा पुतणीच्या फोनवर तोच माणूस नव्या नावाने दिसला : तीच चिखलातली गाडी, क्लचच्या तारेची तीच तुटकी सावली, क्रमांक मात्र २७. खाली एका मुलाने भाव विचारला होता. मी तिच्या खात्यावरून त्याला लिहिले की आधी रेघेची जाडी विचार. दहा मिनिटांत ते खातेही ब्लॉक झाले. त्या मुलाने विचारले की नाही, ते कळायला आता मार्ग नाही.