शाळेत सायकल वाढवायची आहे: सगळ्या वर्गाला शिकवावं की मोजकी मुलं तयार करावीत?

पालक-शिक्षक संघाच्या सभेत सायकलचा विषय निघाला की बहुधा दोन प्रस्ताव येतात. एक, बाहेरून प्रशिक्षक बोलावून सहावी-सातवीच्या सगळ्या मुलांना रस्त्यावर सायकल चालवायला शिकवायचं. दुसरा, प्रत्येक वर्गातली दोन-तीन मुलं निवडून तयार करायची आणि बाकीच्यांना सायकलकडे वळवायचं काम त्यांच्याकडे द्यायचं. पैसे आणि तासिका एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर माझं मत आधीच सांगते: नवी मुंबईतल्या नेरूळ, सानपाडा, खारघरसारख्या भागातल्या शाळांनी दुसऱ्या मार्गाने जावं. घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या ठाण्यातल्या शाळांनी मात्र सध्या तो धरू नये.

पहिल्या मार्गाचा चांगला नमुना म्हणजे इंग्लंडमधली बाइकेबिलिटी. २००७ पासून चालू असलेल्या या योजनेत तीन टप्पे आहेत: आधी मैदानात, मग शांत रस्त्यावर, शेवटी वर्दळीत. हात दाखवणं, सरळ रेषेत चालवत खांद्यावरून मागे बघणं, उभ्या गाड्यांपासून दार उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवणं, हे सगळं मूल जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकतं. आपल्या सेक्टरांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, त्यामुळे ते शेवटचं कौशल्य तर फारच मोलाचं. याला पर्याय नाही. पण शिबिर संपलं, प्रशिक्षक गेले, की सोमवारी तेच मूल पुन्हा व्हॅनमध्ये बसलेलं दिसतं. चालवता येणं आणि रोज चालवणं यात मोठं अंतर आहे.

ते अंतर सोबतीची मुलं कापतात. आठवी-नववीत मुलांना काय वाटतं हे शिक्षकांच्या भाषणावर ठरत नाही, बाकावर शेजारी कोण बसतं यावर ठरतं. याच वयात सायकल ‘लहान मुलांची’ होते आणि क्लासला जायला घरातली स्कूटर मागितली जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे, तरी हट्ट पुरवले जातातच. मुलींची सायकल तर त्याही आधी सुटते. सोबत जाणारी एखादी मैत्रीण असेल तर ती टिकते, हे मी आमच्या भागात सतत बघते.

लंडनच्या वाहतूक संस्थेने माध्यमिक शाळांसाठी यूथ ट्रॅव्हल अँबॅसेडर नावाचा कार्यक्रम राबवला. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की मुलांच्या हाती तयार घोषणा देत नाहीत. आपल्या शाळेत नेमकं काय अडतंय ते मुलांनीच शोधायचं, उपाय आखायचा आणि परीक्षकांपुढे मांडून निधी मिळवायचा. आपल्याकडे हे अगदी जमण्यासारखं आहे. उत्तरं साधीच निघतील: सायकल लावायला छप्पर नाही, दप्तर जड आहे, सोसायटीतल्या सायकलची हवा कधीची गेली आहे.

त्या शेवटच्या कारणावर मुलंच सर्वांत लवकर तोडगा काढतात. शनिवारी शाळेच्या आवारात पंप घेऊन दोघं उभी राहिली तरी पुरतं. अंगठ्याने टायर दाबायचं, दबलं तर हवा. मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, चाक फिरता कामा नये. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवून बघायचं, हललं तर नट सैल आहे. साखळीला तेल. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर टेकवली की पाय सरळ व्हायला हवा, नाहीतर सीट वर-खाली करायची. बारा वर्षांची मुलगी हे दुसरीला सहज शिकवते, आणि धूळ खात पडलेली सायकल रस्त्यावर येते. ब्रेक लागत नसेल तर मात्र सायकल दुकानातच न्यायची, हेही तिला पक्कं सांगून ठेवायचं.

मुलं निवडताना शर्यत जिंकणारी नकोत. रोज सावकाश येणारी, थोडी बुजरी, आणि निम्म्या मुली हव्यात. ज्यांच्या शाळेत आरएसपीचं (रोड सेफ्टी पेट्रोल, म्हणजे रस्ता सुरक्षेचं) पथक आहे त्यांनी वेगळं काही उभारण्याआधी तिथल्याच शिक्षकांशी बोलावं, रस्त्याची शिस्त त्या मुलांना ठाऊक असते.

एक मर्यादा कधीही ओलांडू नये: दुसऱ्या मुलाला रस्त्यावर घेऊन जायची जबाबदारी मुलावर टाकायची नाही. ती मोठ्यांचीच. म्हणूनच घोडबंदरला माझा नकार आहे. अवजड वाहनं आणि मेट्रोची कामं यांच्यामध्ये मुलाने मुलाला ‘चल ना’ म्हणणं मला मान्य नाही. तिथे आधी सुरक्षित वाट मागावी, आणि ती मिळेपर्यंत पालक पुढे-मागे असलेला गटच बरा, तोही आतल्या रस्त्यांवर. सिडकोच्या सेक्टरांत शाळा बऱ्याचदा घरापासून आतल्या रस्त्यानेच गाठता येते. पण वाटेत पाम बीच मार्ग किंवा सायन-पनवेल महामार्ग ओलांडावा लागणाऱ्या मुलांना नवी मुंबईतही यातून वगळावं.

खर्चात दुसरा मार्ग स्वस्त पडतो, पण त्याला वर्षभर लक्ष घालणारा एक शिक्षक लागतो. तो नसेल तर पैसे सरळ प्रशिक्षकाला द्या. असेल तर जून ते सप्टेंबर, पावसात, मुलं निवडा आणि आवारात तयार करा. त्यांच्यापुरते तरी प्रशिक्षकाचे दोन-तीन वर्ग घ्याच, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत काम सुरू करा.