जाड ऑईलच्या नावाखाली ड्रममधलं सुटं ऑईल

"गाडी जुनी झालीय, आता जाड ऑईल टाकू," असं मिस्त्री म्हणाला, की आधी डबा हातात घेऊन बघा. आमच्या स्प्लेंडरच्या क्लच प्लेटा या एका वाक्यापायी जळाल्या.

गाडी धाकट्या भावाची. पहाटे दुधाचे कॅन लावून तो यवतेश्वर घाटाने साताऱ्यात उतरतो, येताना पेंडीचं पोतं घेऊन चढतो. कंपनीच्या पुस्तिकेत या गाडीला १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑईल सांगितलंय. मिस्त्री म्हणाला, "दादा, पातळ ऑईल आता टिकायचं नाही, २०डब्ल्यू-५०च पाहिजे." नावाजलेल्या कंपनीचा डबा दाखवला, पैसेही त्याच डब्याचे घेतले. पुढे पुढे घाटात इंजिन नुसतं ओरडायला लागलं. रेस पिळली तरी गाडी ओढेना.

दुसऱ्या गॅरेजात क्लच कव्हर खोललं, तर प्लेटा काळ्याठिक्कर आणि जळका वास. प्लेटा, गॅस्केट, मजुरी धरून दीड हजाराच्या वर गेले. जाब विचारायला पहिल्याकडे गेलो, तर मागच्या बाजूला पोरगा ड्रममधलं ऑईल नरसाळ्याने त्याच कंपनीच्या रिकाम्या डब्यांत भरत होता. बुचांच्या कड्या आधीच तुटलेल्या, तोंडावरचं चंदेरी सील कुठेच नाही. ड्रममध्ये जाड ऑईल होतं, ते खपवायला आमची गाडी 'जुनी' ठरवली!

जाड म्हणजे चांगलं, हा समजच मुळात चुकीचा. १०डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंशांना तापल्यावर किती दाट राहतं ते. थंड इंजिन चालू होताना ऑईल वरच्या भागांपर्यंत झटकन पोचायला हवं, जाड ऑईल तिथे उशीर करतं. आणि नुसता आकडा जुळून भागत नाही. अशा बाईकचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो. त्यामुळे डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही भिजलेल्या क्लचसाठीची जपानी मानकाची खूण हवी. चारचाकीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी प्लेटा घसरतात. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला 'एमबी' चालतं. ड्रमातल्या सुट्या ऑईलमध्ये यातलं नेमकं काय आहे, ते कुणी सांगायचं?

म्हणून सील आपल्यासमोर फोडायला लावा, उरलेलं ऑईल आणि रिकामा डबा घरी आणा. डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोकं पाडा. धड डबेच पुन्हा भरले जातात. बिलावर कंपनी आणि ग्रेड दोन्ही लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं 'ऑईल' होतं, म्हणून तो सरळ हात वर करू शकला. बिल नीट असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते.