ब्रेड घरी करावा की विकत आणावा? आधी तो किती दिवसांत संपतो ते बघा

पुतणीकडे नवा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "काकू, तू घरीच ब्रेड करतेस ना? आता मीही बाहेरचा बंदच करून टाकू का?" मी तिला उलट विचारलं, तुमच्याकडे एक पुडा संपायला किती दिवस लागतात? ती दोघं आणि शाळेत जाणारी लेक. आठवड्याला एक पुडा येतो आणि शेवटचे चार स्लाइस बहुतेक वेळा कचऱ्यात जातात. घरचा की दुकानातला, हे ठरवताना मी चवीच्या किंवा पैशाच्याही आधी हेच बघते, कारण दोन्ही ब्रेड शिळे होतात, पण वेगवेगळ्या वेगाने आणि वेगवेगळ्या तऱ्हेने.

ब्रेड शिळा झाला म्हणजे वाळला, असं आपण धरून चालतो. पण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला, अजिबात न वाळलेला ब्रेडही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडक लागतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. गार झाल्यावर तो हळूहळू पुन्हा आवळत जातो. रात्रीचा भात सकाळी टणक होतो आणि वाफ दिली की परत मऊ होतो, अगदी तीच गोष्ट. आणि हे आवळणं सगळ्यात भराभर होतं ते फ्रिजच्या थंडाव्यात. फ्रिजमधला ब्रेड वातड होतो तो यामुळेच. फ्रीझरमध्ये मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते.

आता दुसरी बाजू बुरशीची. तिला ऊब आणि ओल लागते, म्हणून फ्रिज तिला रोखतो. म्हणजे फ्रिजमध्ये ठेवला तर वातड, बाहेर ठेवला तर बुरशी. या कचाट्यातून दुकानातला पुडा कसा सुटतो ते त्याच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. 282 हा आकडा दिसला की ते कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी लांबवणारं. 471 किंवा 481 हे इमल्सिफायर, ब्रेड मऊ ठेवणारे. एन्झाइम लिहिलेलं असेल तर बहुधा तोही स्टार्चला आवळू न देणारा. सगळं परवानगी असलेलं आहे आणि त्याला घाबरून घरी ब्रेड करायला घेऊ नका, असं मी मनापासून सांगेन. खरी काळजी वाटावी असा, ब्रेडच्या पिठात घातला जाणारा पोटॅशियम ब्रोमेट 2016 सालीच आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंद केला.

माझी तक्रार वेगळीच आहे, ती ब्राउन ब्रेडबद्दल. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते. पहिलं नाव मैद्याचं आणि खाली कुठे तरी कॅरामल रंग, 150 असा आकडा, असं असेल तर तो रंगवलेला मैद्याचाच ब्रेड. मुलांना डब्यात "गव्हाचा" म्हणून आपण तोच देतो. गव्हाचं पीठ पहिल्या क्रमांकावर असलेले ब्रेडही मिळतात. दुकानात उभ्या उभ्या अर्धा मिनिट द्या आणि यादी वाचा.

तिसरा पर्याय आपण या तुलनेत विसरतो, तो कोपऱ्यावरच्या बेकरीचा. लादी पाव, ब्रून, गोल कडक पाव. त्या दिवशीचं त्या दिवशी खायचं असेल तर घरच्या ओटीजीला भट्टीची सर येत नाही, हे मान्यच करायला हवं. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी येतो. पाव साठवायचाच नाही, त्या त्या वेळचा घ्यायचा, अशी ती रीत. उंडे किंवा पोई हे तिथले पाव तासाभरात खाल्ले तर स्वर्ग, आणि दुसऱ्या दिवशी रश्शात बुडवूनच खायचे. पाव बेकरीतून आणलात तर लादी सुटी करू नका. जोडलेल्या बाजू उघड्या पडल्या की तिथूनच पाव वाळायला लागतो. लागतील तेवढेच तोडावेत, बाकीची लादी सुती फडक्यात गुंडाळून डब्यात.

मग घरचा ब्रेड कशासाठी करायचा? पैशासाठी तर नक्कीच नाही. 300 ग्रॅम पीठ, थोडं दूध, तेल, यीस्ट, आणि दीड हजार वॅटचा ओटीजी पाऊण तास चालला तर फार तर सव्वा युनिट वीज. साध्या पुड्यापेक्षा फार काही वाचत नाही. वेळ म्हणाल तर हाताचं काम वीस-पंचवीस मिनिटांचं, पण पीठ दोनदा फुगायचं असतं, म्हणजे साडेतीन-चार तास घरात असावं लागतं. मिळतं ते असं: मीठ आणि साखर आपल्या हातात राहते. घरात कुणाला मीठ कमी सांगितलेलं असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. गव्हाचं पीठ किती, ते आपण ठरवतो. आणि गरम ब्रेडची कड.

टिकण्यात मात्र घरचा ब्रेड मागे पडतो. यावर मला सगळ्यात उपयोगी पडली ती उकड. 300 ग्रॅम पिठातलं 20 ग्रॅम बाजूला काढायचं, 100 मिली पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळायचं. न्याहारीची उकड असते त्याहून जरा सैल, चमचा फिरवला की भांड्याच्या तळाशी रेघ राहते, तिथे गॅस बंद. ती गार करून उरलेल्या पिठात, साधारण 100 मिली दूध, चमचाभर यीस्ट, चमचाभर मीठ, पोहे खायच्या चमच्याने दोन चमचे साखर आणि 20 ग्रॅम तेल घालून मळायचं. शिजलेल्या पिठाने धरून ठेवलेलं पाणी भाजल्यावरही सुटत नाही, आणि ब्रेड एक-दीड दिवस जास्त मऊ राहतो. चक्कीचं पीठ वापरणार असाल तर सुरुवातीला निम्मा मैदा ठेवा. चक्कीच्या पिठाला पाणी जास्त लागतं, आणि कोंड्यामुळे ते मैद्याइतकं फुगत नाही.

एका जुलैतली गोष्ट सांगायलाच हवी. संततधार लागली होती, हवा दमट आणि कोंदट. निम्म्या गव्हाच्या पिठाचा ब्रेड केला होता, डब्यात ठेवून दोन दिवस झाले होते. झाकण उघडलं तर वास अननसाचा, तोही फार पिकून उतरलेल्या. बुरशीचा एक ठिपका नव्हता. स्लाइस मोडला तर आतला मऊ भाग ओलसर, चिकट, आणि दोन तुकडे लांब केले की मध्ये बारीक तारा. हे बुरशीचं काम नव्हे, जिवाणूंचं. त्यांचे बीजाणू पिठातच असतात, कोंड्याबरोबर जास्त येतात. भाजताना ब्रेडचा आतला भाग शंभर अंशांपलीकडे जात नाही, म्हणून ते मरत नाहीत, आणि उबदार दमट हवेत जागे होतात. असा ब्रेड सगळाच्या सगळा टाकायचा. गुरांनाही घालायचा नाही. डबा आणि सुरी धुऊन व्हिनेगरने पुसून घ्यायची. तेव्हापासून पावसाळ्यात मी पिठात चमचाभर व्हिनेगर घालते किंवा थोडं पाणी कमी करून दही. आंबटपणात त्या जिवाणूंचं चालत नाही.

बुरशीबद्दलही तेच. एका कोपऱ्याला हिरवा ठिपका दिसला म्हणून तेवढा कापून बाकीचा भाजून खाणारी घरं मी पाहिली आहेत. मऊ ब्रेडमध्ये तिचे धागे दिसतात त्याच्या कितीतरी आत गेलेले असतात. पुडाच टाका.

ठेवायची माझी पद्धत अशी. ब्रेड ओव्हनमधून निघाला की जाळीवर दोन तास. घाई करून कोमट असताना डब्यात घातला की झाकणाला पाणी धरतं, आणि त्या पाण्यावर बुरशी येते. मग दातेरी सुरीने सगळा एकदम कापायचा. आज-उद्याचे स्लाइस डब्यात, बाकीचे त्याच दिवशी फ्रीझरमध्ये, दोन-दोन स्लाइसच्या जोडीने, मध्ये बटर पेपर, पिशवीतली हवा दाबून काढलेली. "आधी बाहेर ठेवू, उरला तर फ्रीझरमध्ये टाकू" असं केलं तर शिळा झालेलाच ब्रेड आपण गोठवतो. वेगळ्या दाराचा फ्रीझर असेल तर तीन-चार आठवडे काळजी नाही. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात इतकी थंडी नसते, तिथे आठवड्याभरात संपवा. खाताना स्लाइस थेट तव्यावर, मंद आच, मिनिटभर झाकण, मग झाकण काढून कुरकुरीत. डब्यात सँडविच द्यायचं असेल तर सकाळी उठल्या उठल्या पिशवी न उघडता ओट्यावर काढून ठेवा. चहा होईपर्यंत स्लाइस सुटे होतात.

ही पद्धत दुकानातल्या पुड्यालाही जशीच्या तशी लागू आहे, आणि हेच मला पुतणीला पटवायचं होतं. चार स्लाइस फेकले जात होते ते ब्रेड बाहेरचा होता म्हणून नव्हे. पुडा आणल्या दिवशी निम्मा गोठवला असता तर तेही खाल्ले गेले असते.

सहा-सात माणसांचं घर, ब्रेड एका दिवसात फस्त, तर मी बेकरीच सांगेन. टिकवण्याचा प्रश्नच नाही, आणि रोज चार तास कुणाकडे असतात? प्रवासाला, सहलीला, वसतिगृहातल्या मुलासाठी पुडा. तिथे ते 282 खरोखर कामाचं आहे. आणि पुतणीसारखं लहान घर, रविवारची दुपार मोकळी, फ्रीझरमध्ये जागा, तर घरचा.

ती जागाच तिच्याकडे नव्हती. हिवाळ्यात भरलेला मटार, खवलेला नारळ, दोन बर्फाचे ट्रे. तिने दोन आठवडे मटार उसळ, मटार भात, पॅटिस करून तो संपवला, एक कप्पा रिकामा केला आणि मग फोन केला, "काकू, ती उकड किती पाण्यात करायची म्हणालीस?"