किड्रनचं 'लेहमन्स': आधी टाउनशिप समजून घ्या, मग खरेदी करा

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या किड्रन गावच्या 'लेहमन्स' या दुकानाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, विजेविना चालणाऱ्या वस्तूंची ही पंढरी. कुणी म्हणतं, सहलीवाल्यांसाठी मांडलेला महागडा देखावा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण एकाच छपराखाली दोन दुकानं आहेत. एक शेजाऱ्यांसाठी भरलेलं आणि दुसरं लांबून गाडी काढून आलेल्यांसाठी. पहिलं कुठे संपतं हे ओळखता आलं की पैसे वाया जात नाहीत, आणि ते ओळखायला गावाची थोडी माहिती लागते.

किड्रन हे वेन काउंटीतल्या शुगर क्रीक टाउनशिपमधलं हजारभर वस्तीचं गाव. त्याला नगरपालिका नाही, मेयर नाही. अशा भागाचा कारभार ओहायोत टाउनशिप बघते: चार वर्षांसाठी निवडून दिलेले तीन ट्रस्टी आणि हिशेब ठेवणारा एक फिस्कल ऑफिसर. त्यांच्याकडे मुख्यतः रस्ते, दफनभूमी आणि अग्निशमन. इथले रस्ते राखणं सोपं काम नव्हे, कारण आसपासचे आमिश, म्हणजे मोटार न चालवणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. घोड्यांच्या नालांना घसरू नये म्हणून कठीण धातूचे ठिपके जोडलेले असतात, काही बग्ग्यांच्या चाकांना रबराऐवजी लोखंडी धाव असते, आणि डांबर त्याच पट्ट्यात झिजत जातं.

पत्ता टाकताना 'किड्रन' असंच टाका. 'शुगरक्रीक' टाकलंत तर नकाशा दक्षिणेकडच्या टस्करावस काउंटीत नेऊन सोडेल, भल्यामोठ्या ककू घड्याळासाठी प्रसिद्ध असलेल्या त्याच नावाच्या गावात. शुगर क्रीक नावाच्या टाउनशिपही ओहायोत अनेक आहेत, एक तर शेजारच्या स्टार्क काउंटीतच. कॅन्टन आणि वूस्टर यांच्यामधल्या यूएस ३० या महामार्गावरून किड्रन रोडला दक्षिणेकडे वळायचं, काही मिनिटांत दुकान येतं. क्लीव्हलँडकडच्या मराठी मंडळींना एका दिवसात जाऊन येण्यासारखं अंतर आहे. फक्त रविवार टाळा, दुकान बंद असतं.

बरेच पाहुणे किड्रनला आमिश गाव समजतात. ते मुळात स्विस मेनोनाइटांचं. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगररांगांमधून ही कुटुंबं १८१९ मध्ये इथे येऊ लागली आणि मूळच्या डोंगरवस्तीचं सोनेनबर्ग हेच नाव त्यांनी नव्या वस्तीला दिलं. मेनोनाइट आणि आमिश दोघांचं मूळ एकाच अ‍ॅनाबाप्टिस्ट पंथात, म्हणजे मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या ख्रिस्ती पंथात, १६९३ च्या सुमारास वाटा वेगळ्या झाल्या. किड्रनचे मेनोनाइट मोटार चालवतात, घरात वीज वापरतात. आजूबाजूच्या शेतांवरचे आमिश वीजमंडळाची तार घरात घेत नाहीत. त्यांच्यातही स्वार्टझेनट्रूबर गट सर्वांत कडक, बग्गीमागे संथ वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोणसुद्धा लावायला तयार नसलेला. ओहायोने २०२२ मध्ये घोडागाड्यांना पिवळा लुकलुकणारा दिवा सक्तीचा केला, तेव्हा याच गटाशी सर्वाधिक खटके उडाले.

दुकानाचा जन्म या शेजारातून झाला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या खेड्यांत वीज पोचत गेली, तसतसं हातयंत्रं, वातीचे दिवे, लाकडाच्या चुली बनवणाऱ्यांनी आपला माल बंद करायला सुरुवात केली. आमिश गिऱ्हाइकाची गरज मात्र तशीच राहिली. जे लेहमन या स्थानिक मेनोनाइट माणसाने १९५५ मध्ये गावातलं हार्डवेअरचं दुकान घेतलं आणि हा बंद पडत चाललेला माल धरून ठेवला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर शहरी गिऱ्हाईक आलं, २००० साल उजाडताना संगणक कोलमडतील या धास्तीने तर झुंबडच उडाली. पर्यटकांचं दुकान यानंतर वाढत गेलं. आजची इमारत जुन्या कोठारांचे लाकडी सांगाडे आणून जोडलेली आहे. वर मान करून तुळयांचे खाचेत बसवलेले सांधे नक्की बघा.

आता खरेदी. दिव्यांच्या विभागात सगळ्यात जास्त चूक होते ती अलॅडिन दिव्याबाबत. साधा चपट्या वातीचा दिवा जेमतेम वाचण्यापुरता उजेड देतो. अलॅडिनमध्ये गोल वात असते आणि तिच्यावर जाळी, म्हणजे मँटल. ज्योत स्वतः निळसर, उजेड पडतो तापलेल्या जाळीचा, जवळपास ६० वॉटच्या जुन्या बल्बाइतका. रॉकेलही त्याच प्रमाणात जातं: एका क्वार्टमध्ये, म्हणजे ९४६ मिलीमध्ये, साधारण १२ तास. नवी जाळी बसवल्यावर काच चढवण्याआधी तिला एकदा काडी लावून वरचं आवरण जाळून टाकायचं. त्यानंतर ती राखेसारखी नाजूक होते, बोट लागलं की भोक.

दिवा पेटवला की वात मुद्दाम खाली ठेवा आणि १०-१५ मिनिटं थांबा. बर्नर तापत जातो तशी ज्योत आपोआप चढते. सुरुवातीलाच पूर्ण उजेड धरला तर थोड्या वेळाने जाळीवर काळे डाग दिसू लागतात, डाग हवा अडवतो, ज्योत आणखी काजळते आणि छतापर्यंत काजळी जाते. उपाय सोपा: वात खाली करा, डाग जळून जाईपर्यंत हात लावू नका. डोक्यावर किमान तीन फूट मोकळी जागा हवी, फळीखाली हा दिवा कधीच नको. वात कात्रीने कापू नये. तिच्यासाठी गोल वातसफाईची चकती मिळते, तिने कडा सारखी होते. रॉकेल रंगहीन १-के प्रतीचंच घ्या. लाल रंग घातलेलं स्वस्त मिळतं, पण तो रंग वातीत साचतो. शोभेच्या दिव्यांसाठीचं पॅराफिन तेल या वातीत नीट चढत नाही. साठवायला निळा डबा. लाल डबा पेट्रोलचा असतो.

बरण्या भरून टिकवण्याचं सामान, म्हणजे कॅनिंग, हा दुसरा खरा शेजाऱ्यांचा विभाग. बरण्यांची तोंडं दोन मापांची: नेहमीचं आणि रुंद. झाकणं अदलाबदल होत नाहीत, त्यामुळे घरात एकच माप ठेवा. झाकण आवळणारी पट्टी पुन्हा वापरता येते, रबरी कडेचं चपटं झाकण एकदाच. आपल्याकडच्या लोकांना हमखास पडणारा प्रश्न: घरचा शिट्टीचा कुकर चालेल का? नाही. आंबट नसलेल्या पदार्थांना, म्हणजे डाळी, भाज्या, मांस यांना ११६ अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान ठरलेला वेळ मिळावं लागतं, नाहीतर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू तगतात. प्रमाणित वेळापत्रकं क्वार्टच्या किमान चार बरण्या उभ्या राहतील अशा कॅनरसाठी, म्हणजे बरण्यांच्या मोठ्या दाबाच्या कुकरसाठी, केलेली असतात. लहान कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, हिशेब चुकतो. कॅनरच्या झाकणावर वजन ठेवण्याआधी १० मिनिटं वाफ सोडून आतली हवा काढायची. वजनाच्या कॅनरला १,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर १० पौंडांचा दाब पुरतो, त्यावर १५. हा सगळा भाग हजाराच्या थोडा वर आहे, त्यामुळे इथे १५.

लाकडाच्या चुली बघण्यासारख्या आहेत. घ्यायच्या असतील तर आधी घराच्या विमा कंपनीला विचारा: आमिश कारखान्यांतल्या काही चुलींवर यूएल या संस्थेच्या सुरक्षा चाचणीची पाटी नसते आणि ती नसली की बऱ्याचदा विमा अडतो. धुरांड्याचा खर्च वेगळा. लोण्याच्या बरणीच्या रवीचा फार विचार नको. बरणी अर्धीच भरली आणि साय १५-१६ अंशांवर असली तर चालते छान, पण ताक घुसळणाऱ्या घरात तिची गरज नाही. खेळणी, सुगंधी साबण, रंगीत सोड्याच्या बाटल्या: बघा आणि पुढे चला.

शक्य असेल तर गुरुवारी जा. १९२३ पासून चालत आलेला जनावरांचा लिलाव त्या दिवशी गावात असतो, सकाळी गवत-पेंढ्याच्या गंजी, मग गुरं, डुकरं, मेंढ्या. गाडी लावायला जागा मिळत नाही, पण दुकानात त्या दिवशी आमिश गिऱ्हाईक जास्त दिसतं आणि ते कोणत्या फळीपाशी थांबतं हे कळतं. त्या लोकांचे फोटो मात्र काढू नका.

हे गिऱ्हाईक थांबतं सुट्या भागांपाशी. वाती, बर्नर, काचा, जाळ्या, रबरी कडा. परदेशातून भारतात काही न्यायचं असेल तर हीच फळी सर्वांत कामाची, कारण ११० आणि २२० व्होल्टचा प्रश्नच नाही. मापं पाठ करून जा: १ नंबरच्या बर्नरची वात ५/८ इंच, म्हणजे १६ मिमी रुंद, काचेचा तळ अडीच इंच, २ नंबरची वात १ इंच आणि काचेचा तळ ३ इंच. माजघरातला जुना दिवा दुरुस्त करायचा असेल तर वातीची रुंदी आणि काच बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या, किंवा सरळ जुना बर्नरच खिशात टाका.